देवाचे नाव कुणाच्या मालकीचे?

आमच्या वस्तीत अधूनमधून दोघे-दोघे प्रचारक दारोदार फिरतात. हातात पुस्तिका, नीटनेटके कपडे, बोलणे मृदू. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "देवाचं नाव काय, तुम्हाला माहीत आहे का?" उत्तरही त्यांच्याकडे तयार असते: यहोवा. आम्ही बौद्ध. सृष्टिकर्ता ईश्वर आम्ही मानत नाही, त्यामुळे या प्रश्नाने आमच्या श्रद्धेला धक्का बसत नाही. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला प्रश्न पडतोच. देवाला नाव असते म्हणजे काय? आणि ते नाव कुणी घ्यावे हे कोण ठरवते?

हीच पुस्तिका चाळताना आमच्या एका कार्यकर्ता मित्राने वाचले की ज्यू लोक आपल्या देवाचे नाव उच्चारतच नाहीत. तो लगेच म्हणाला, "म्हणजे तिथेही ब्राह्मणशाहीच की!" वाक्य टाळ्या घेणारे आहे. पण ते खरे आहे का? आपल्या जखमेच्या मापाने दुसऱ्याचा इतिहास मोजायचा असेल, तर आधी तो इतिहास नीट पाहिला पाहिजे.

हिब्रू भाषेत हे नाव चार अक्षरांचे आहे: योद, हे, वाव, हे. आपल्या लिपीत य-ह-व-ह. जुन्या हिब्रू लिखाणात फक्त व्यंजने लिहीत, स्वर वाचणाऱ्याने भरायचे. आपण काना-मात्रा न देता 'क म ल' लिहिले तर ते कमल, कोमल की कमाल, हे भाषा येणारालाच कळेल. तसेच हे. बायबलच्या हिब्रू भागात हे नाव सहा हजारांहून अधिक वेळा येते. निर्गमाच्या कथेत मोशे देवाला त्याचे नाव विचारतो, कारण इजिप्तमध्ये वेठबिगारी करणाऱ्या आपल्या लोकांना ते सांगायचे असते. म्हणजे परंपरेच्या स्वतःच्या कथेतही हे नाव राजदरबारासाठी नव्हे, गुलामांना सांगण्यासाठी आलेले आहे.

आता कथा बाजूला ठेवून पुराव्याकडे येऊ. १८६८ साली आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला. तो इ.स.पू. ८४० च्या सुमाराचा आहे. आपण य-ह-व-ह ची पात्रे लुटून आणली, असे हा शत्रू राजा त्यात बिनदिक्कत लिहितो. म्हणजे नाव परक्यांनाही माहीत होते. जेरुसलेमजवळच्या केतेफ हिन्नोम येथे १९७९ साली एका थडग्यात चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. इ.स.पू. ६०० च्या आसपासच्या या ताईतांवर तेच नाव कोरलेले आहे. ताईत माणूस अंगावर घालतो. नाव गाभाऱ्यात कोंडलेले असते तर ते कुणाच्या गळ्यात दिसले नसते.

आम्हाला सर्वात बोलका पुरावा वाटतो तो लाखीशच्या खापरांचा. १९३५ साली सापडलेली ही खापरे म्हणजे बाबेलचे सैन्य यहुदावर चालून आले त्या काळातली, इ.स.पू. ५८८ च्या सुमाराची लष्करी पत्रे. एक कनिष्ठ अधिकारी होशयाहू आपल्या वरिष्ठाला लिहितो. त्याला राग आलेला आहे. तुला पत्र वाचता येत नाही, असे वरिष्ठाने सुचवले होते. तेव्हा हा गडी य-ह-व-ह ची शपथ घेऊन सांगतो की मला पत्र वाचून दाखवायचा प्रयत्न कुणी कधीच केलेला नाही. आपल्या साक्षरतेचा अपमान सहन न करणारा एक सैनिक, आणि त्याच्या तोंडी सर्रास देवाचे नाव! त्याच्या स्वतःच्या नावातही 'याहू' आहेच. यशया, यिर्मया, नेतान्याहू, 'हालेलूया' या सगळ्यांत तेच नाव दडलेले आहे. येशू हे नावही मूळच्या 'यहोशुआ'चे छोटे रूप. अर्थ, याह तारतो.

रूथच्या पुस्तकात शेताचा मालक बवाज कापणी करणाऱ्या मजुरांना याच नावाने अभिवादन करतो आणि मजूरही तेच नाव घेऊन उलट आशीर्वाद देतात. मालक आणि मजूर यांच्या तोंडी एकच शब्द. 'जोहार' टाकून 'जय भीम' स्वीकारलेल्या समाजाला अभिवादनातल्या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको.

मग हे नाव गप्प कसे झाले?

ते एका दिवसात झाले नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधील ज्यूंनी आपले धर्मग्रंथ ग्रीक भाषेत आणायला सुरुवात केली. पुढे या ग्रीक बायबलात नावाच्या जागी 'कुरियोस' म्हणजे प्रभू हा शब्द रूढ झाला, तरी काही जुन्या ग्रीक प्रतींत ती चार अक्षरे हिब्रूतच लिहिलेली आढळतात. मृत समुद्राकाठी १९४७ पासून सापडलेल्या काही गुंडाळ्यांत मजकूर नेहमीच्या लिपीत आणि हे नाव मात्र जुन्या लिपीत आहे. म्हणजे नाव वेगळे काढणे सुरू झाले होते. इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या ग्रंथात नोंद आहे की मंदिरात पुरोहित आशीर्वाद देताना नाव जसेच्या तसे उच्चारत आणि बाहेरगावी पर्यायी शब्द वापरत. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजकाच्या तोंडून नाव ऐकताच अंगणातले लोक पालथे पडत. तालमूद सांगतो की उच्छृंखल लोक वाढले तेव्हा नाव केवळ निवडक पुरोहितांकडे सोपवले गेले आणि ते सोबत्यांच्या गायनात नाव गिळून टाकत.

हे पुरोहितपद जन्माने मिळत होते. अहरोनाच्या वंशातल्या पुरुषालाच ते मिळे, स्त्रीला कधीच नाही. होशयाहूच्या खापरावरचे नाव आता एका घराण्याच्या ओठांत बंद झाले होते. इथपर्यंत आमच्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. ही पुरोहितांची मक्तेदारीच होती, आणि तिला पावित्र्याचे कारण दिलेले होते.

पण इतिहास इथे थांबत नाही. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले. मंदिर गेले, महायाजक गेला, आणि नाव उच्चारण्याची अधिकृत जागाच गेली. नंतरच्या रब्बींनी ती जागा स्वतः बळकावली नाही. नाव कुणीच घ्यायचे नाही, वाचताना सर्वांनी 'अदोनाय' म्हणजे 'माझा स्वामी' म्हणायचे, असा नियम रूढ झाला. रोजच्या बोलण्यात तर 'हाशेम', म्हणजे नुसते 'ते नाव'. हा नियम विद्वान रब्बीला आणि मोळीविक्याला सारखाच लागू होता. शिवाय लिहिलेले नाव कुणापासून लपवले नाही. सभास्थानात तोरा सर्वांसमोर वाचली जाते, आणि त्या पानावरची चार अक्षरे वाचता येणाऱ्या प्रत्येकाला दिसतात.

आता शेजारी आपला इतिहास ठेवा. गौतम धर्मसूत्र वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतायला सांगते. तिथे उच्चार बंद नव्हता. एकाला मुभा आणि दुसऱ्याला बंदी होती. सर्वांनी मिळून पाळलेले मौन आणि एकावर लादलेले मौन यांना एकाच तराजूत घालणे म्हणजे आपल्यावरच्या अन्यायाचे वजन आपणच कमी करणे होय.

आता प्रचारकांच्या 'यहोवा'कडे वळू. साधारण सहाव्या ते दहाव्या शतकात मसोरेत म्हणवणाऱ्या ज्यू लिपिकांनी हिब्रू मजकुराला स्वरचिन्हे दिली. य-ह-व-ह खाली त्यांनी 'अदोनाय'चे स्वर घातले. ती वाचणाऱ्याला खूण होती, की इथे अदोनाय म्हण. मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती विद्वानांनी ती खूण ओळखली नाही. एका शब्दाची व्यंजने आणि दुसऱ्या शब्दाचे स्वर एकत्र वाचून त्यांनी 'यहोवा' घडवले. टिंडेलने १५३० च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात हे रूप वापरले, १६११ च्या किंग जेम्स बायबलात ते मोजक्या ठिकाणी आले आणि १९३१ साली एका पंथाने 'यहोवाचे साक्षीदार' हे नावच घेतले. मूळ उच्चार 'याहवे'च्या जवळपास असावा, असा बहुतेक अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. पाचव्या शतकातला ख्रिस्ती लेखक थिओडोरेट लिहितो की शमरोनी लोक 'याबे' म्हणतात. हा त्या निष्कर्षाचा एक आधार. दुसरीकडे २००८ साली व्हॅटिकनने उपासनेत 'याहवे' न म्हणण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी ज्यूंच्या व आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या प्रथेचा दाखला दिला. एकाच देवाच्या नावाने एक ख्रिस्ती दार वाजवतो आणि दुसरा ख्रिस्ती ते नाव गाळतो!

मराठीतही या नावाची गोष्ट आहे. हिंदीच्या जुन्या प्रचलित बायबलात 'यहोवा' आहे, तर मराठीच्या प्रचलित बायबलात त्या जागी 'परमेश्वर'. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस नाव वाचत नाही, पदवी वाचतो. आणि ज्या कुलाबा जिल्ह्यात १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्याच जिल्ह्याच्या गावागावांत बेने इस्रायल राहत होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. 'शेमा इस्रायल' ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि त्या प्रार्थनेत नावाच्या जागी 'अदोनाय'च येते. जातीच्या देशात राहून त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद शिरला, बेटीव्यवहार बंद झाला. पण नाव न घेण्याचा नियम दोघांनाही एकच होता.

आमच्या मित्राला आम्ही हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "मग ओळखायचं कसं?" आमचे उत्तर साधे आहे. कोणत्याही धर्मातला पवित्र शब्द समोर आला की तीन गोष्टी विचारा. बंदी कुणावर आहे? मुभा कुणाला आहे? आणि बंदी मोडली तर शिक्षा कुणाला होते? तिन्ही उत्तरे जन्मावर येऊन थांबत असतील, तर ती गुलामगिरी समजा. नाहीतर ती त्या लोकांची आपली रीत असेल, आणि तिचा आदर करायला ईश्वर मानावा लागत नाही.

जय भीम.