सण गावचा, सुटी सरकारची

काम कोणत्या दिवशी बंद राहावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न दिसावयास साधा आहे. भिंतीवरील दिनदर्शिकेत तांबड्या शाईने छापलेले आकडे पाहिले की त्याचे उत्तर मिळाले, असे वाटते. परंतु गोमंतकाच्या उत्तर टोकास असलेल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांचा इतिहास चाळला, तर त्या तांबड्या आकड्यांमागे राज्यसत्ता, धर्मसत्ता आणि गावसत्ता यांचा दोन शतकांहून अधिक काळ चाललेला वाद उभा आहे, हे ध्यानात येते. कारखानदार आणि कामगार या वादात फार उशिरा आले. पण त्याचा रोजचा भार आज त्यांच्याच माथी आहे.

गोवा प्रदेश आकाराने लहान, पण तो एका दमात पोर्तुगीजांच्या हाती गेला नाही. तिसवाडी १५१० साली गेली, बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये गेल्या. या झाल्या जुन्या काबिजादी. येथे देवळे पाडली गेली, १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल सुरू झाला आणि लोकांचे पंचांगच बदलले. १७३६ च्या जाहीरनाम्याने तर एकादशीचा उपवास आणि अंगणातली तुळस यांवरही बंदी घातली. दिवस पाळणे हा सुद्धा गुन्हा ठरू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पेडणे आणि डिचोली या काळात सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होत्या. तेरेखोल आणि हळर्ण येथील किल्ले पोर्तुगीजांनी १७४६ मध्येच जिंकले होते. परंतु डिचोली त्यांच्या हाती स्थिरावली ती १७८१ नंतर आणि पेडणे १७८८ च्या तहाने. या नव्या काबिजादी होत. तोपर्यंत युरोपातले वारे पालटले होते, पोर्तुगीजांचे बळही ओसरले होते. नव्या प्रजेची देवळे, सण आणि रूढी यांना हात लावणार नाही, असे अभिवचन देऊनच त्यांना येथे राज्य करता आले. पुढे १८५३ मध्ये नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रीतिरिवाजांची संहिता छापली गेली आणि १८८६ मध्ये देवस्थानांच्या महाजनकीसाठी नियम झाले. एकाच राज्यात, एकाच ध्वजाखाली, नदीच्या अलीकडे एक पंचांग आणि पलीकडे दुसरे, अशी स्थिती निर्माण झाली.

हा भेद किती खोल गेला आहे, ते शिगम्यावरून कळते. जुन्या काबिजादींतला धाकटा शिगमा फाल्गुन शुद्ध नवमीच्या सुमारास सुरू होऊन पौर्णिमेला आटोपतो. नव्या काबिजादींतला थोरला शिगमा पौर्णिमेपासून रंगू लागतो. सण एकच, नाव एकच, पण दिवस वेगळे. पणजीच्या कचेरीतून एखादा दिवस शिगम्याची सुटी म्हणून जाहीर केला, तर तो एका तालुक्याला उशिराचा आणि दुसऱ्याला आगाऊ वाटावा, हे क्रमप्राप्तच होय.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हा देव मूळचा मांडवीपलीकडील दिवाडी बेटावरचा. तेथील देऊळ सोळाव्या शतकात उद्ध्वस्त झाले आणि देवाला नार्व्यास आणावे लागले. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. तसा शिलालेख तेथे आहे. आजही गोकुळाष्टमीला लोक नार्व्याच्या तीरावर स्नानास जमतात. राजाज्ञेने देव हलविता येतो, पण त्याचा दिवस हलविता येत नाही, हेच या जत्रेचे सार आहे.

१९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही संपली आणि प्रजासत्ताक आले. नव्या सरकारने पहिल्याच आठवड्यात सुट्यांचा प्रश्न हाती घेतला. १२ ऑक्टोबर १९१० च्या हुकुमाने चर्चचे सण सुटीच्या यादीतून गेले आणि पाच राष्ट्रीय दिवस ठरले: १ जानेवारी विश्वबंधुत्वाचा, ३१ जानेवारी प्रजासत्ताकाच्या हुतात्म्यांचा, ५ ऑक्टोबर त्याच्या वीरांचा, १ डिसेंबर देशाच्या स्वायत्ततेचा आणि २५ डिसेंबर कुटुंबाचा. नाताळाला कुटुंबदिन म्हटले, म्हणजे दिवस तोच राहिला आणि नाव तेवढे बदलले. ३१ जानेवारी हा पोर्तो शहरातील १८९१ च्या बंडाचा स्मृतिदिन. पेडण्याच्या शेतकऱ्याला पोर्तो कोठे आहे, हे कोण सांगणार?

मात्र याच हुकुमात एक शहाणपणाचे कलम होते. प्रत्येक नगरपालिकेला आपल्या हद्दीपुरता, तेथील परंपरागत उत्सवाचा, वर्षातून एक दिवस सुटी म्हणून निवडण्याची मुभा होती. पाच दिवस राष्ट्राचे आणि एक दिवस गावचा, असा हा हिशेब. तो गावाच्या वाट्याला फार कमी देणारा होता. तरी सर्वांसाठी समान असे काही आणि स्थानिक असे काही, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मान्य झाले होते. पुढे सालाझारच्या राजवटीत, १९४० च्या व्हॅटिकनशी झालेल्या करारानंतर, चर्चचे काही सण यादीत पुन्हा आले. हिंदू प्रजेचे मोठे सण मात्र लिस्बनच्या राष्ट्रीय यादीत कधीच नव्हते.

इकडे मुंबई इलाख्यात निराळाच लढा चालू होता. गिरणी कामगारांना मुळात साप्ताहिक सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही आधार त्या मागणीला देण्यात आला होता. साहेबाच्या प्रार्थनेचा दिवस आणि कुळस्वामीचा वार एकच निघाला, म्हणून तडजोड सोपी झाली. गोव्यात असा योग सर्वत्र जुळून येणे शक्य नव्हते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि यादी पुन्हा नव्याने लिहावी लागली. भारतात सार्वजनिक सुटीचा कायदेशीर आधार पाहावयाचा, तर १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाकडे, म्हणजे हुंड्या आणि धनादेशांच्या कायद्याकडे जावे लागते. त्याच्या २५ व्या कलमानुसार हुंडीची मुदत सुटीच्या दिवशी भरत असेल, तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असे मानतात. सुटी ही कायद्याच्या दृष्टीने आधी पैशाची बाब आहे, पूजेची नव्हे. बँका बंद ठेवण्यासाठी जाहीर झालेला दिवस कारखान्याला आपोआप लागू होत नाही, याचे मूळ येथे आहे. म्हणूनच गोव्यात सरकारी कचेऱ्यांची यादी वेगळी, ऐच्छिक सुट्यांची वेगळी आणि व्यापारी व औद्योगिक कामगारांच्या पगारी सुट्यांची यादी वेगळी निघते. या शेवटच्या यादीत दिवस कमी असतात, आणि गावच्या जत्रेला त्यात जागा नसते.

याचा ताण कसा पडतो, हे पाहावयाचे तर शिरगावास जावे. डिचोली तालुक्यातील या गावी वैशाख शुद्ध पंचमीला श्री लईराई देवीची जत्रा भरते. हजारो धोंड व्रतस्थ राहून, स्नाने करून, पहाटे पेटलेल्या होमखंडातून चालत जातात. हे व्रत एका दिवसाचे नाही. सोवळ्याचे आणि आहाराचे नियम कित्येक दिवस पाळावे लागतात. लोककथेप्रमाणे लईराई ही सात बहिणींतली एक. मुळगावची केळबाय, मयेची महामाया आणि पेडणे तालुक्यातील मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी. म्हापशाची मिराबाय पुढे ख्रिस्ती होऊन मिलाग्रीस सायबीण झाली, अशी समजूत आहे. दोन्ही धर्मांचे लोक एकमेकांच्या जत्रेस आणि फेस्ताला जातात. तेव्हा या दिवसांची सुटी हिंदूंची की ख्रिस्त्यांची, हा प्रश्नच गावाच्या दृष्टीने गैरलागू ठरतो.

आता दुसरी बाजू. शिरगाव हा खाणींचाही गाव. विसाव्या शतकाच्या मध्यापासून डिचोली आणि सत्तरी येथील लोहखनिज मांडवीतून बार्जांनी मुरगावास जाऊ लागले. पावसाळ्यात आग्वादचे मुख बंद होते, म्हणून मृगाआधी जितका माल हलेल तितका हलवावयाचा, हा या धंद्याचा नियम. वैशाख म्हणजे घाईचा महिना. नेमक्या त्याच दिवसांत गावचा मजूर धोंड होऊन कामावरून दूर होई. उलट गणेशचतुर्थी भाद्रपदात, जेव्हा बार्जा नांगरून पडलेल्या असत. चतुर्थीला उदारपणे सुटी देणे मालकाला जड जात नसे. खरी कसोटी लागे ती लईराईच्या दिवशी. सुटी नाकारली तरी मजूर जाई, मजुरी बुडे आणि मनात अढी बसे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि त्या वादाचा एक अध्याय मिटला. प्रश्न मात्र कारखान्यांच्या आवारात शिल्लक राहिला.

पेडण्याची गोष्ट अशीच आहे. तेथला दसरा विजयादशमीला संपत नाही. कोजागरीच्या पुनवेला तो शिगेला पोहोचतो. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात. भूतनाथ एका रात्रीत देऊळ बांधून मागतो आणि लोक त्याची समजूत घालून त्याला परत आणतात, अशी तेथील कथा आहे. या उत्सवात अनेक घराण्यांचे मान परंपरेने ठरलेले आहेत. मानकऱ्याच्या जागी दुसरा उभा राहू शकत नाही, जसा पाळीवरील कुशल कारागिराच्या जागी वाटेल तो उभा राहू शकत नाही.

याच पेडणे तालुक्यात मोप येथे २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. विमानतळाला सुटी नसते. तेथे कामावर येणारा एक मनुष्य पेडण्याचा, दुसरा बारदेशचा, तिसरा सिंधुदुर्गातल्या सावंतवाडीकडचा. गोव्यात ३ डिसेंबर हा सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचा आणि १९ डिसेंबर हा मुक्तिदिनाचा. सीमेपलीकडे हे दोन्ही कामाचे दिवस. महाराष्ट्रात १ मे हा राज्याच्या स्थापनेचा दिवस. गणेशचतुर्थीला गोव्याची सरकारी यादी दोन दिवस देते, महाराष्ट्राची एक. बोली एक, नातीगोती एक, पण सुट्या दोन.

सर्वांचे दिवस एक करावेत, हा विचारही देशात होऊन गेला आहे. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. देशात तीसएक पंचांगे चालतात, असे तिला आढळले. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ते आले. देवघरात मात्र जुनेच पंचांग राहिले.

मग मार्ग कोणता? तो इतिहासातच दिसतो. १९१० च्या हुकुमातले तत्त्व महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात अधिक न्याय्य रूपाने आले आहे. त्यात आठ पगारी सुट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस सर्वांचे. उरलेले चार मालक व कामगार यांनी वर्षारंभापूर्वी आपसांत ठरवावयाचे. निम्मे राज्याचे, निम्मे गावचे. मोपसारख्या ठिकाणी, जेथे सर्वांना एकदम सोडता येत नाही, तेथे हे चार दिवस माणसागणिक वेगळे ठेवून आळीपाळीने देता येतात. लईराईला बारदेशचा ख्रिस्ती कामगार पाळी सांभाळील आणि नाताळाला शिरगावचा धोंड. जत्रेचा दिवस ऐनवेळी कळतो, ही सबबही खरी नाही. चंद्रदर्शनावर अवलंबून असणारी ईद सोडली, तर वैशाख पंचमी काय आणि आश्विनी पौर्णिमा काय, पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. ते उघडून पाहण्याची तेवढी तयारी हवी.

इन्क्विझिशनने दिवस बंद केले, प्रजासत्ताकाने त्यांची नावे बदलली, कायद्याने त्यांच्या याद्या केल्या. पेडण्याची पुनव आणि शिरगावचे होमखंड यांना त्यांतल्या कशानेही आपली तिथी सोडावयास लावले नाही. ज्याने दोन शतके सत्तेला दाद दिली नाही, ते हजेरीपुस्तकाला दाद देईल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. हजेरीपुस्तकानेच त्याच्यासाठी एक रकाना राखून ठेवावा, हे बरे.