ऊसतोड स्थलांतर आणि बालकांचा सामाजिक विकास

ऊसतोडीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतराचा मुलांच्या सामाजिक विकासावर होणारा परिणाम हा मराठवाड्यातील बालसंगोपनाचा विचार करताना टाळता न येणारा विषय आहे. जालना जिल्ह्यातील घनसावंगी व अंबड तालुक्यांतून, तसेच बीड जिल्ह्यातून, दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यामुळे वर्षातील जवळजवळ निम्मा काळ मूल एकतर आईवडिलांपासून दूर राहते किंवा गाव, शाळा व सवंगडी यांना दुरावते.

संगोपनाच्या पद्धती

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकत्वाचे तीन प्रकार सांगितले: जिव्हाळा व शिस्त यांचा मेळ घालणारे, केवळ आज्ञापालन अपेक्षिणारे आणि मुक्त मोकळीक देणारे. एलिनॉर मॅकोबी व जॉन मार्टिन यांनी १९८३ मध्ये त्यांत दुर्लक्ष करणाऱ्या पालकत्वाची भर घातली. पहिल्या प्रकारात वाढलेली मुले इतरांशी अधिक सहजतेने मिसळतात, असे या परंपरेतील संशोधन सांगते. परंतु पालक रोज घरी असतात, हे या वर्गीकरणात गृहीतच धरलेले आहे. पोटासाठी परगावी गेलेल्या आईला ‘दुर्लक्ष करणारी’ म्हणणे अन्यायाचे ठरेल.

शिवाय आपल्याकडे संगोपन केवळ आईवडिलांपुरते कधीच नव्हते. घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). वडील सूर्याजीपंत ठोसर यांच्या निधनानंतर नारायणाचे बालपण आई राणूबाई व थोरले बंधू गंगाधरपंत यांच्या छायेत गेले, असे परंपरा सांगते.

गावी राहिलेली मुले

मागे राहिलेल्या मुलांचा सांभाळ बहुधा आजी-आजोबा करतात. माया भरपूर मिळते. मात्र थकलेल्या वयात अभ्यासाकडे व वाढत्या मुलांच्या संगतीकडे लक्ष पुरत नाही. भ्रमणध्वनीवरून आईवडील विचारपूस करतात, पण भांडण कसे मिटवावे, पाहुण्यांशी कसे बोलावे, हे मूल समोरच्या माणसाकडे पाहूनच शिकते. वयात आलेल्या मुलीच्या सुरक्षिततेची काळजी हे तर बालविवाहाचे एक प्रमुख कारण ठरले आहे.

फडावरील मुले

तोडणीच्या कामात पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने दोघांनाही पहाटेपासून फडात राबावे लागते. कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम मोठ्या बहिणीकडे येते. आठ-दहा वर्षांची मुलगी चूल, पाणी व लेकरू सांभाळू लागते. तिच्या अंगी येणाऱ्या जबाबदारीच्या जाणिवेचे कौतुक होते. त्यासाठी तिने खेळ, मैत्रिणी आणि शाळेतील बाक गमावलेला असतो, हे मात्र कौतुकात विसरले जाते. मुक्काम सतत हलत असल्याने समवयस्कांशी मैत्री टिकत नाही. समूहात आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरणे पचवणे, अनोळखी मोठ्या माणसाला प्रश्न विचारणे या गोष्टी शाळा व मैदान नकळत शिकवतात. त्या उशिरा आल्या, तर वर्गात मूल गप्प राहते आणि शिक्षक त्याला मंद समजण्याची चूक करतात.

उपाययोजना

कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवण्याचे प्रयोग झाले. त्याखेरीज मुलांना गावीच थांबता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली; पहिल्या टप्प्यातील तालुक्यांत घनसावंगी व अंबड यांचा समावेश होता. वसतिगृहामुळे शाळा सुटत नाही व समवयस्कांचा सहवास मिळतो. मायेची उणीव भरून काढणे मात्र तेथील अधीक्षकांच्या व शिक्षकांच्या स्वभावावर अवलंबून राहते.

हंगाम संपल्यावर

परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे नाजूक असतात. लहान मूल आईकडे जायला बिचकते आणि आजीलाच बिलगते. आजीने दिलेली मोकळीक वडील एकदम आवळू पाहतात, तेव्हा मोठी मुले हट्टी किंवा अबोल होतात. अशा वेळी आजी-आजोबांनी लावलेले नियम एकाएकी न मोडता घरातील सर्व मोठ्यांनी एकच धोरण ठेवणे हितावह असते. कारण पुढचा हंगाम अवघ्या सहा-सात महिन्यांवर असतो.