तळटीप : पाणी पंचायत

मूळ लेखकाने पाणी पंचायतीला ‘सिंचनाचा प्रयोग’ म्हटले आहे. ते अपुरे वाटते. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात आधी बांधबंदिस्ती केली, पाणलोट अडवला, आणि मग पाणी कोणाचे हा प्रश्न हाती घेतला. पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने मिळेल असे ठरले : माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनांनाही वाटा होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे, आणि ऊस वर्ज्य होता. न्याय्य वाटपाचा सिद्धान्त इथे पाळीपत्रकात, म्हणजे पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात, उतरलेला दिसतो.

यावर मोठे जमीनदार विचारतात की ज्याची जमीन जास्त, त्याला पाणी कमी का? पण अडवलेले पाणी साऱ्या शिवारावर पडलेल्या पावसाचे असते, एकट्याच्या बांधावरचे नव्हे. ऊसबंदीला स्वातंत्र्यावरचा घाला म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की एकाच्या उसाला लागणाऱ्या पाण्यात कितीतरी जणांची ज्वारी पिकते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पुढे पाणी पंचायतीच्या काही उपसा सिंचन योजना बंद पडल्या. तो खरा आहे. मात्र उपसा योजनेला विजेचे बिल, पंपाची दुरुस्ती आणि गटातली एकी रोजच्या रोज लागते. यांपैकी काही तुटले म्हणून वाटपाचे तत्त्व चुकीचे ठरत नाही. उलट, लाभार्थींनी योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा स्वतः उचलावा ही अट मुळात ती एकी टिकावी म्हणूनच होती, असे माझे मत आहे. — संपादक