अमेरिकेतील बंदूक खरेदी : परवाना विक्रेत्याचा, पडताळणी ग्राहकाची

अमेरिकेत कोणीही दुकानात जावे आणि बंदूक घेऊन बाहेर पडावे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने (१७९१) शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला असला, तरी परवानाधारक विक्रेत्याकडून होणारी खरेदी संघराज्याच्या कायद्यांनी बांधलेली आहे. तेथे नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांनी हे नियम जाणून घेणे आवश्यक आहे. कारण येथील चूक केवळ दंडावर भागत नाही.

कायद्यांची पार्श्वभूमी

दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर १९३४ मध्ये 'नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट' संमत झाला. जॉन केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये 'गन कंट्रोल अॅक्ट' आला आणि विक्रेत्यांच्या परवान्यांची आजची पद्धत आकाराला आली. १९९३ च्या 'ब्रॅडी' कायद्याने ग्राहकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी बंधनकारक केली.

दुकानातील प्रक्रिया

आपल्याकडे परवाना ग्राहकाला घ्यावा लागतो. अमेरिकेत संघीय परवाना विक्रेत्याकडे असतो. ग्राहकाने ओळखपत्र दाखवून '४४७३' क्रमांकाचा अर्ज भरायचा असतो. त्यानंतर विक्रेता सर्वसाधारणपणे 'एफबीआय'च्या यंत्रणेमार्फत त्याची माहिती पडताळून घेतो. ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून कार्यरत आहे. अनेकदा काही मिनिटांतच उत्तर मिळते. तीन कामकाजी दिवसांत निर्णय न झाल्यास संघीय कायदा विक्रीस आडकाठी करत नाही. मात्र २०२२ च्या कायद्यानुसार २१ वर्षांखालील ग्राहकांसाठी ही मुदत दहा कामकाजी दिवसांपर्यंत वाढू शकते. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या, तसेच कौटुंबिक हिंसाचाराबद्दल शिक्षा झालेल्या व्यक्तींना बंदूक घेता येत नाही. अशा अपात्र व्यक्तीसाठी दुसऱ्याने स्वतःच्या नावावर खरेदी केल्यास १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात. कॅलिफोर्नियात बंदूक हाती येण्यासाठी दहा दिवस थांबावे लागते. याउलट, एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारास संघीय कायद्याने तपासणीची सक्ती नाही. काही राज्यांनी मात्र ती केली आहे.

सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुका

सायलेन्सर, १६ इंचांहून आखूड नळीची रायफल, १८ इंचांहून आखूड नळीची शॉटगन आणि मशीनगन यांची नोंदणी सक्तीची आहे. त्यासाठी बोटांचे ठसे व छायाचित्रासह 'एटीएफ' या संघीय विभागाकडे अर्ज करावा लागतो. मंजुरी येईपर्यंत वस्तू विक्रेत्याकडेच राहते. १९३४ पासून आकारला जाणारा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर व आखूड बंदुकांसाठी शून्य करण्यात आला आहे. कर गेला, पण नोंदणी कायम आहे. विनानोंदणी वस्तू बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मे १९८६ नंतर बनलेल्या मशीनगन सामान्य नागरिकांना घेताच येत नाहीत.

व्हिसाधारकांनी काय लक्षात ठेवावे?

ग्रीनकार्डधारकांना नागरिकांप्रमाणेच खरेदी करता येते. एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र बंदूक वा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. अमेरिकेतील वैध शिकार परवाना हा त्यातील प्रमुख अपवाद. सरावाच्या मैदानावर भाड्याने घेतलेली बंदूकही या मनाईत येऊ शकते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. उल्लंघनास १५ वर्षांपर्यंत कैद आहेच. शिवाय शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीनकार्डधारकालाही देशाबाहेर जावे लागू शकते. त्यामुळे मित्रांसमवेत सहज म्हणून मैदानावर जाण्यापूर्वीही आपल्या व्हिसाचा प्रकार आणि राज्याचा कायदा तपासावा व शंका असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा.