दप्तरात अडकलेली दोन पत्रे

ए. एस. बायट या इंग्रज लेखिकेची ‘पझेशन’ ही कादंबरी १९९० साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले. ग्रंथालयातील एका जुन्या पुस्तकात दडलेली पत्रे एका संशोधकाच्या हाती लागतात आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एक कवी व एक कवयित्री यांचे झाकलेले प्रेम उजेडात येते, अशी ही कथा. असे कादंबरीतच घडावयाचे, असे कोणी म्हणेल. त्याने वर्ड्‌स्वर्थचे चरित्र पाहावे.

वर्ड्‌स्वर्थ १८५० साली वारला, तो इंग्लंडचा राजकवी म्हणून. पुढच्याच वर्षी पुतण्याने त्याचे दोन खंडांचे चरित्र काढले. त्यात ॲनेट व्हॅलाँ हे नाव नाही. हार्पर या अमेरिकन प्राध्यापकाने १९१६ साली कवीच्या फ्रेंच कन्येची वार्ता प्रथम छापली आणि १९२२ साली एमिल लगुई या फ्रेंच पंडिताने सारी हकीकत कागदपत्रांनिशी मांडली.

हकीकत अशी. १७९१ च्या अखेरीस एकवीस वर्षांचा वर्ड्‌स्वर्थ राज्यक्रांतीने पेटलेल्या फ्रान्समध्ये गेला. तेथे ॲनेटशी त्याचे प्रेम जडले. १५ डिसेंबर १७९२ रोजी ओर्लेआँ येथे त्यांच्या मुलीचा, कॅरोलिनचा, बाप्तिस्मा झाला. कवी इंग्लंडला परतला. १ फेब्रुवारी १७९३ ला दोन्ही देशांत युद्ध पेटले. २० मार्चला ॲनेटने दोन पत्रे लिहिली, एक त्याला व एक त्याची बहीण डोरोथी हिला. ‘परत या, लग्न करा’ हा त्यांतील आशय. फ्रेंच अधिकाऱ्यांनी ती अडवली आणि ब्ल्वाच्या सरकारी दप्तरात ती सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पडून राहिली.

दैवाची थट्टा पाहा! घरच्या माणसांनी मौन जपले. कागद जपले ते संशयखोर सरकारने. पत्रे पोचली असती, तर आज ती आपल्या हाती आली असती काय?

परंतु कोणाची खाजगी पत्रे उघडण्याचा आपल्याला अधिकार काय, असा प्रश्न उरतोच. माझे उत्तर असे की, मौनामुळे अन्याय होत असेल तर तो आहे. १८०२ साली, मेरी हचिन्सनशी लग्न करण्यापूर्वी, कवी बहिणीसह कॅलेला जाऊन महिनाभर ॲनेट व कॅरोलिन यांच्या सहवासात राहिला. कॅरोलिनच्या लग्नानंतर तिला सालीना ३० पौंड देत राहिला. ॲनेटने तर जिवावर उदार होऊन राजपक्षाच्या लोकांना आसरा दिला होता. मौनाने कवीची चूक झाकली, तसे त्याचे कर्तव्यही झाकले. आणि एका धीट स्त्रीचे नावच पुसून टाकले. ते नाव तिला परत मिळाले, हे इतिहाससंशोधनाचे लहान पुण्य नव्हे.