इंदूरचे खत, चहाचे मळे

चहाच्या मळ्यांत कुजवलेल्या सेंद्रिय खताचा पद्धतशीर वापर रुजवण्यात होळकरांच्या इंदूरचा मोठा वाटा आहे. तिथे 1924 मध्ये सुरू झालेल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांपासून खत करण्याची रीत बसवली. ती 1931 मध्ये दोघांच्या नावे ग्रंथरूपाने आली. आज वाडांचे नाव फारसे घेतले जात नाही, हे खटकते.

थर सैल रचायचे, ओलावा राखायचा आणि ढीग ठरावीक अंतराने परतायचा, हे या रीतीचे मर्म. आत हवा खेळली की जिवाणू झपाट्याने वाढतात, ढीग तापतो आणि सुमारे 3 महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते.

चहाच्या मळ्यात सततच्या तोडणीने जमिनीचा कस उतरतो, आणि उतारावरची माती पावसात वाहून जाते. छाटणीचा पाला मात्र तिथे मुबलक मिळतो. डुआर्समधल्या गँड्रापारा मळ्यात या रीतीने मोठ्या प्रमाणावर खत होऊ लागले. हॉवर्ड यांनी आपल्या 1940 च्या ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. मातीतली बुरशी चहाच्या मुळांशी सहजीवन साधते आणि त्यातूनच पानाचा दर्जा येतो, असे त्यांचे ठाम मत होते. दर्जाची गोष्ट हवामान, जात आणि तोडणीवरही अवलंबून असते. जमिनीची पाणी धरण्याची ताकद मात्र अशा खताने निश्चित वाढते.