दोन कागदांवर दोन बायका: प्रवासाच्या ओळखपत्राची गोष्ट

मागच्या वर्षी आम्ही बचत गटाच्या दहा जणी पहिल्यांदाच विमानाने दिल्लीला निघालो होतो. प्रदर्शनात पापड-मसाल्यांचा स्टॉल लावायचा होता. तिकिटासाठी नावं आम्ही गटाच्या रजिस्टरवरून लिहून दिली. विमानतळाच्या दारात जवानाने तिकीट आणि आधार ताडून पाहिलं आणि आमच्या एका ताईंना थांबवलं. तिकिटावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं. लग्नात पहिलं नावही बदललेलं. म्हणजे दोन कागदांवर दोन बायका! ताईंना तिथूनच घरी परतावं लागलं. चूक त्यांची नव्हती, नावं देणाऱ्या आमची होती. ती हुरहुर मनात होती, म्हणून हे कागद आले कुठून ते आम्ही समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्याला माहीत आहेत. त्यांचं माहेरचं नाव यमुना. लग्नात त्या आनंदी झाल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी, अठराव्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. त्या काळी अमेरिकेत उतरायला पासपोर्टची सक्ती नव्हती. त्यांची दोन नावं कुणी ताडून पाहिली नाहीत. पण कागद लागत नव्हता म्हणून वाट सोपी होती असं नाही. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून त्यांना आपण का जातो ते लोकांना सांगावं लागलं. बाईला तेव्हा परवानगी लागायची ती समाजाची. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. हेरांच्या भीतीने देशोदेशीच्या सरकारांनी पासपोर्ट सक्तीचा केला. युद्ध संपलं, सक्ती मात्र राहिली. आपल्याकडे १९२० मध्ये पासपोर्टचा कायदा झाला. त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत पासपोर्टची वही सगळीकडे एकसारखी, बत्तीस पानांची असावी असं ठरलं. त्या काळच्या पासपोर्टात नवऱ्याच्या माहितीशेजारी बायकोसाठी एक रकाना असे. ज्या बाईचं नाव फक्त त्या रकान्यात, तिला नवऱ्याशिवाय त्या वहीवर प्रवास करता येत नसे.

स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट द्यायचा की नाही हे बरीच वर्षं सरकारच्या मर्जीवर होतं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी नवा पासपोर्ट कायदा आला. मग मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने ठेवून घेतला, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. १९७८ च्या त्या निकालाने ठरलं की हे स्वातंत्र्य काढून घ्यायची सरकारची रीतही न्याय्य असली पाहिजे. एका बाईच्या पासपोर्टवरून आलेला हा निकाल आजही वकील रोज वापरतात.

देशातल्या विमानाची गोष्ट वेगळी. १९७१ मध्ये श्रीनगरहून जम्मूला निघालेलं विमान पळवून लाहोरला नेलं गेलं. १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान कंदाहारला नेलं गेलं. अशा घटनांनी तपासणी कडक होत गेली. ओळखपत्रंही याच काळात घरोघर आली. १९९३ पासून फोटोचं मतदार कार्ड आलं. २०१० मध्ये देशातले पहिले आधार क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले.

२०१७ मध्ये विमानतळांसाठी दहा ओळखपत्रांची यादी निघाली. त्यात आधार, मतदार कार्ड, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटोचं पासबुक, पेन्शनचं कार्ड, अपंगत्वाचं कार्ड अशी कागदपत्रं आली. यातलं एक अस्सल जवळ असलं की देशात पुरतं. परदेशी जायला मात्र पासपोर्टच हवा आणि बहुतेक देशांचा व्हिसाही. नेपाळ-भूतानला आपल्याला मतदार कार्डावर जाता येतं, पण तिथे फक्त आधार दाखवून बहुतेक मोठ्या माणसांचं काम होत नाही.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही. २०१६ च्या शेवटी पासपोर्टचे नियम सैल झाले. तेव्हापासून लग्नाचा दाखला सक्तीचा राहिला नाही आणि आई-वडिलांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. एकट्या आईच्या लेकरांसाठी ही मोठी सोय झाली.

तेव्हा बायांनो, पुढच्या बैठकीला आधार, पॅन, मतदार कार्ड, पासबुक सगळं घेऊन या. सतरंजीवर मांडा आणि एकमेकींची नावं मोठ्याने वाचा. माहेरचं ठेवायचं की सासरचं, हे ज्या त्या बाईने ठरवावं. पण जे ठरेल तेच सगळीकडे असू द्या आणि तिकीट काढताना कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर लिहा.

आमच्या ताईंनी आता सगळे कागद एका नावाचे करून घेतले आहेत. कोणतं नाव ठेवलं, हे आम्ही विचारलं नाही. ते त्यांनीच तिकिटाच्या अर्जावर स्वतःच्या हाताने लिहिलं.